दोनच दिवसांसाठी काढलेली जाळी

मी जाळी बोलतेय. खिडकीची नव्हे, पत्र्याला ठोकून आकार देणाऱ्या प्रेस मशीनची. कराडजवळच्या औद्योगिक वसाहतीत, ट्रॅक्टरचे लहान भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. लालासाहेबांनी लोखंडी सळ्या जोडून मला घडवलं, पिवळा रंग दिला आणि प्रेसच्या तोंडावर बसवलं. तेव्हा ते साधे फिटर होते, पुढे फोरमन झाले.

माझं काम एकच. वरून ठोका पडताना माणसाचा हात आत जाऊ द्यायचा नाही. माझ्या फटीतून चिमट्यानं पत्रा सरकवायचा, पायानं पेडल दाबलं की ठोका पडायचा.

समोर बसून मी कितीतरी हात पाहिले. तेलानं निसरडे झालेले, अंगठी न काढलेले. दुसरी पाळी जोडून केल्यावर पेंगणाऱ्या माणसाचे हात तर मला लांबूनही ओळखू येत. असे हात मी मुकाट्यानं बाहेर ठेवायची. "ही मधे मधे येती," म्हणून सगळे मला बोलायचे. मला त्याचं वाईट वाटत नसे.

मग एक घाईची ऑर्डर आली. माझ्यामुळं काम हळू होतं म्हणून लालासाहेबांनीच माझे बोल्ट काढले. "दोनच दिवस," असं पुटपुटत त्यांनी मला तेलाच्या पिंपामागं टाकलं. दोनाचे आठ झाले. मालक रोज माझ्यासमोरूनच केबिनमध्ये जात. त्यांनीही कधी विचारलं नाही.

त्यातच प्रेसवरचा माणूस रजेवर गेला. लालासाहेबांनी पॅकिंगमधल्या विजयमालाला तिथं बसवलं. ती उंब्रजहून यायची. प्रेसवर पहिल्यांदाच बसत होती.

"दादा, हितली जाळी कुठाय?" तिनं विचारलं.

"बसवतो नंतर. तू चिमटा वापर, काय हुत न्हाई."

तिनं चिमटाच वापरला. पण सकाळची पाळी संपल्यावर तिला दुसऱ्याही पाळीला थांबवलं. संध्याकाळी एक तुकडा आत अडकला. चिमट्यानं निघेना, म्हणून तिनं हात घातला. दमलेला पाय पेडलवरून उचलायचा राहून गेला.

तिच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. मी पिंपामागून सगळं ऐकलं.

मालकांनी विचारलं तेव्हा लालासाहेब म्हणाले, "बाईचं ध्यान नव्हतं." माझ्या जागी मला शरमेनं गंज चढल्यासारखं झालं. ज्यांनी मला घडवलं, त्यांचंच हे तोंड होतं.

हाताची जखम भरून आल्यावर विजयमाला नवऱ्याला घेऊन आली. धनाजी उसाचा ट्रॅक्टर चालवायचा. तिनं हात पदराखाली धरला होता.

"फोरमनसायेब, हिचंच ध्यान नव्हतं, ते आमाला मान्य हाय," धनाजी म्हणाला. "घरात बी रोज तेच सांगतो हिला. तरी हलकं काय काम असंल तर बगा."

विजयमाला खाली बघत राहिली. आपलीच चूक झाली, असं बहुधा तिलाही वाटायला लागलं होतं.

लालासाहेब पिंपामागं आले; मी अजून तिथंच पडून होते. मला ओढत नेऊन त्यांनी धनाजीसमोर उभं केलं.

"ही जाळी त्या दिवशी मशीनवर नव्हती. मी काढली हुती. विजयमालानं इचारलं बी हुतं मला. हिची काय चूक न्हाई, धनाजी."

धनाजी आधी माझ्याकडं बघत राहिला, मग बायकोकडं.

"दादा," विजयमाला हळूच म्हणाली, "हे तवाच बोलायला पायजे हुतं."

"व्हय," लालासाहेब म्हणाले आणि सरळ मालकांच्या केबिनमध्ये गेले. काचेआडून मला त्यांची खाली घातलेली मान तेवढी दिसली.

त्यांचं फोरमनपद गेलं. आता ते पुन्हा फिटर आहेत. मला त्यांनीच परत बसवलं. प्रत्येक बोल्ट त्यांनी दोनदा आवळून पाहिला. माझ्यासमोर आता सृष्टी नावाची नवी मुलगी बसते. तिलाही माझी अडचण होते.

बाळांनो, होऊ दे अडचण. मला शिव्या द्या, पण काढू नका. दमलात तर दमलो म्हणून सांगा, त्यात कसली लाज? लाजायचं ते मला काढणाऱ्यांनी आणि तुम्हाला दुसऱ्या पाळीला थांबवणाऱ्यांनी.

विजयमालाला पॅकिंगमध्ये परत घेतलंय. पाळी सुरू होण्याआधी ती येते आणि मी घट्ट बसलेय ना, हे मला हलवून बघते. सळ्यांवर तिची तीन बोटं टेकतात. गेलेल्या दोन बोटांच्या जागी मला काहीच लागत नाही.