बुधवारची लस

आमच्या ह्यांचा कान फार तिखट. तीस वर्षं फ्रिज दुरुस्त करून तो असा झालाय, की कुणाकडे पाहुणे म्हणून गेलो तरी चहा यायच्या आधी हे सांगणार, "तुमचा फ्रिज दमलाय हो." लोक हसायचे. मीही हसायचे. त्याच कानापायी माझ्या गुंड्याचं तोंड मला शेवटचं बघता आलं नाही. तेव्हापासून मी हसत नाही.

गुंड्या म्हणजे आमचा एकुलता एक मुलगा. लहानपणी गोलमटोल होता म्हणून गुंड्या. पुढे सहा फूट वाढला, तरी गुंड्याच. समुद्रापलीकडच्या एका देशात तो खाणीवर क्रेन चालवायचा. एका सोमवारी सकाळी त्याच्या खोलीतल्या सोबत्याचा फोन आला. दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि आता यकृतही साथ सोडत होतं. मग तिथल्या डॉक्टरीणबाई फोनवर आल्या. मी विचारलं, "किती दिवस?" त्या म्हणाल्या, "पंधरा. फार तर वीस. त्याला हलवता येणार नाही, तुम्हीच या."

तुम्हीच या म्हणे. जशी काही मी पलीकडच्या गल्लीत राहते!

त्या देशात पाय ठेवायचा, तर पिवळ्या तापाची लस टोचून घ्यावी लागते आणि टोचल्याचं पिवळं कार्ड दाखवावं लागतं. ते कार्ड लागू होतं दहा दिवसांनी. त्याआधी विमानात बसूच देत नाहीत. आमच्या शहरात ही लस एकाच केंद्रात, तीही फक्त बुधवारी. दुसरं केंद्र गाडीने एक दिवसावर, आणि तिथे म्हणे महिनाभर नंबर लागत नाही. मी बोटांवर मोजलं. बुधवारी टोचायचं, दहा दिवस थांबायचं आणि निघायचं. फोनपासून तेराव्या दिवशी मी त्याच्या उशाशी. शंभरदा मोजलं. बसत होतं.

लशीची किंमत ऐकून मी केंद्रातल्या बाईला म्हटलं, "सुई सोन्याची आहे का?" ती म्हणाली, "मावशी, वर आणखी दोन लशी घ्याव्या लागतील." शिवाय विमानाच्या तिकिटाचा खर्च होताच. ह्यांनी दुकानातला पंप विकला, फ्रिजमध्ये गॅस भरायच्या आधी नळ्या रिकाम्या करायचा. तो गेला, म्हणजे निम्मं काम गेलं. तरी दोघांचं जमेना. "तू जा," हे म्हणाले, "त्याला माझ्यापेक्षा तू हवीस." त्या क्षणी मला हा माणूस फार आवडला होता. तेही सांगायला हवं.

बुधवारी आम्ही पहाटेच रांगेत गेलो, तरी चौथा नंबर आला. लांबट खोली, भिंतीला लावलेल्या खुर्च्या, टेबलापाशी सिस्टर आणि तिच्या मागे पांढरा फ्रिज. सिस्टरची कामाची एक पद्धत होती. आधी सगळ्यांची कार्डं लिहायची, शिक्के मारून ओळीने मांडायची आणि मग एकेकाला बोलवून टोचायचं. माझं कार्ड मला खुर्चीतून दिसत होतं. माझं नाव, निळा शिक्का, सही. सगळं झालं होतं. दंड तेवढा पुढे करायचा बाकी होता.

आणि फ्रिज वाजला. टक्.

मला कळलं. तीस वर्षं मीही ह्यांच्या दुकानात बसलेय. टक् झालं, की मागून घरघर यायला हवी. ती आली नाही. थोड्या वेळाने पुन्हा टक्, पुन्हा काही नाही. ह्यांची मान ताठ झाली. मी त्यांचा हात दाबला.

"अहो, मूग गिळून गप्प बसा. आपल्याला शिक्का हवाय."

"अगं, पण..."

"पाया पडते तुमच्या. गप्प बसा."

ते बसले. दोन्ही हातांनी गुडघे धरून बसले. सिस्टरने पहिला नंबर पुकारला. जहाजावर जाणारी एक पोरगी होती, विशी-बाविशीची. तिने बाही वर केली, आणि हे उठले.

"सिस्टर, तुमचा फ्रिज बंद आहे."

"दिवा लागलाय की, काका."

"दिवा लागतो. कॉम्प्रेसर उचलत नाहीये. दार उघडा."

दारावरचा तापमानाचा काटा पाचावर होता. ह्यांनी खिशातलं थर्मामीटर काढून आत ठेवलं. दार लावलं, पाच मिनिटांनी काढून पाहिलं. पारा एकवीसवर गेला. दारावरचा काटा कधीचाच अडकून पडला होता आणि सिस्टर रोज सकाळी इमानेइतबारे 'पाच' लिहीत होती.

"आठाच्या वर गेली की फेकायची असते," ती रडवेली होऊन म्हणाली. तिने तीन ठिकाणी फोन केले. नवीन लस मंगळवारी येणार. म्हणजे पुढचा बुधवार.

रांग खवळली. एकजण तोंडावर म्हणाला, "काका, कुणी सांगितलं होतं नाक खुपसायला?" तो माझ्याच मनातलं बोलला होता. सिस्टरने कार्डं गोळा केली आणि फाडली. माझं चौथं. आणि हे? हे पिशवीतला सुटा भाग काढून, फ्रिजच्या मागे उकिडवे बसून कॉम्प्रेसर सुरू करणारा रिले बदलत होते. पाव तासात फ्रिज घुमायला लागला. आत आता काही नव्हतं.

रस्त्यात मी थांबले. "दहा मिनिटं," म्हटलं, "दहा मिनिटं तोंड शिवून बसला असतात तर काय बिघडलं असतं? माझं टोचून झाल्यावर सांगायचं होतं."

"तुझ्या दंडात पाणी टोचू द्यायचं? तिथे मच्छर आहेत, ताप आहे. तू गेली असतीस तर?"

"गेले असते. त्याला बघून गेले असते."

हे पुढे चालू लागले. खरंखोटं करायचं, तर ते चुकले नव्हते. त्या जहाजावरच्या पोरीच्या आईने ह्यांचे पाय धरावेत. मी काय करू, मी दुसऱ्या पोराची आई आहे.

पुढच्या बुधवारी टोचलं. पहिला नंबर माझा, फ्रिज छान घुमत होता. "मावशी, हे कार्ड जन्मभर चालतं," सिस्टर म्हणाली, "पुन्हा टोचायची गरज नाही." दंड सुजला, एक दिवस अंग तापलं. मला बरंच वाटलं. लस खरी होती.

आता पहिल्या फोनपासून विसाव्या दिवशी मी पोचणार होते. फोनवर गुंड्याचा आवाज रोज बारीक होत गेला. "आई, निघालीस?" मी म्हणायचे, "निघाले रे राजा, वाटेतच आहे." टोचल्यापासून नवव्या दिवशी दुपारी फोन सोबत्याचा आला. कार्ड लागू व्हायला एक दिवस उरला होता. मी दुकानात गेले. हे कुणाच्यातरी फ्रिजमध्ये डोकं घालून बसले होते. मी काही बोलायच्या आतच त्यांनी हातातला पाना खाली ठेवला.

त्याला तिकडेच माती दिली. आम्ही ते फोनवर पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून माझं कार्ड लागू झालं, जन्मभरासाठी. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय! ते कार्ड आमच्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजवर पडून आहे. फेकवत नाही.

ह्यांना मी माफ केलेलं नाही. चुकलेल्या माणसाला माफ करता येतं. ह्यांचं काही चुकलंच नाही, मग माफ कशाचं करू?

गेल्या महिन्यापासून आमचा हा फ्रिज टक् करतो आणि थांबतो. पुन्हा टक्. दूध दोनदा नासलं. काल जेवताना मी म्हटलं, "अहो, ऐकलंत का? कॉम्प्रेसर उचलत नाहीये."

ह्यांनी ताटातून मान वर केली नाही.

"मला नाही काही ऐकू येत," म्हणाले.