व्याह्यांसाठी पाठ केलेली स्तुती

व्याही यायच्या आदल्या दिवशी बाबांनी शेजारच्या देशाच्या अध्यक्षांची स्तुती पाठ केली.

मिली कामावरून घरी आली तेव्हा ते हात पाठीमागे बांधून बैठकीच्या खोलीत येरझाऱ्या घालत होते आणि भिंतीवरच्या घड्याळाला सांगत होते, "तुमच्याकडचे रस्ते म्हणजे काय, आरसाच! आणि माणूस कसा, तर खंबीर. अशी माणसं शतकातून एकदाच होतात."

"बाबा, कुणाशी बोलताय?"

"तुझ्या होणाऱ्या सासऱ्याशी. उद्या म्हणायचंय."

"तुम्ही तर त्या अध्यक्षांना बूच म्हणता. तेवीस वर्षं बाटलीत अडकलेलं."

"ते घरात. पाहुण्याच्या तोंडावर त्याच्या राजाला बूच म्हणतात का? जनाची नाही, निदान मनाची तरी?"

आई आतून म्हणाली, "त्यांना म्हणावं, तोंड बंद ठेवलंत तरी स्तुती पोचेल."

बाबा शाळेत व्यायामशिक्षक होते. निवृत्त झाले तरी आवाज मैदानाच्या मापाचाच राहिला होता. गल्ली त्यांना मास्तर म्हणे. त्यांचे दोन गुण सगळ्यांना ठाऊक होते. एक म्हणजे ते पंतप्रधानांना शिव्या देत. अमुकच एका पंतप्रधानांना नव्हे, जे असतील त्यांना. त्यांच्या देशात सरकार टिकायचं ते कॅनव्हासच्या बुटांच्या एका जोडाइतकं, त्यामुळे शिव्यांना नवा माणूस मिळत राही. दुसरा गुण असा, की त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे. त्यांना सांगितलेली गोष्ट संध्याकाळच्या आत समोरच्या शिंप्याला कळे, आणि शिंप्याला कळलं की गल्लीला.

मिली वजनमापं तपासणाऱ्या सरकारी प्रयोगशाळेत होती. तिथे पितळी वजनांना बोट लावत नाहीत, चिमट्याने उचलतात, कारण बोटाच्या तेलालाही वजन असतं. घरातल्या कुठल्याही गप्पेत तिने "नक्की किती?" विचारलं की भाऊबहीण तिला मिलिग्रॅम म्हणून चिडवत. त्याचंच मिली झालं. जो मुलगा तिने पसंत केला होता तो सीमेपलीकडचा. इथे लिफ्ट बसवायच्या कंपनीत काम करायचा. बाबा त्याला लिफ्टवाला म्हणत, प्रेमानेच. भाषा दोन्हीकडे एकच, फक्त तिकडची माणसं जरा हळू बोलत. हळू म्हणजे सावकाश नव्हे, हळू आवाजात. मिलीला वाटायचं, स्वभाव असेल.

दुसऱ्या दिवशी लिफ्टवाला आईवडलांना घेऊन आला. त्याच्या वडलांचं तिकडे फोटोफ्रेमचं दुकान होतं. सडपातळ माणूस, हात अगदी स्वच्छ, नखं बारीक कापलेली. त्यांनी लग्नाच्या फोटोसाठी स्वतः केलेली एक रिकामी फ्रेम आणली होती. कोपऱ्यातले सांधे असे जुळले होते, की मिलीला त्यावरून नख फिरवून बघायचा मोह झाला. विहीणबाई कमी बोलत होत्या, पण आईशी त्यांचं लगेच जमलं. अर्धा तास सगळं सुरळीत चाललं.

मग बाबांनी घसा खाकरला.

"व्याहीबुवा, तुमचे अध्यक्ष म्हणजे काय सांगू! रस्ते तर आरसाच. गाड्या वेळेवर. खंबीर माणूस!"

व्याह्यांनी कप बशीत ठेवला. आवाज न करता ठेवला.

"हो," ते म्हणाले. "फार मोठा माणूस."

"शतकातून एकदा!"

"हो. शतकातून एकदा."

"तेवीस वर्षं म्हणजे खायचं काम आहे का?"

"नाही, नाही." व्याह्यांनी एकदा दाराकडे पाहिलं. "आम्ही भाग्यवान."

बाबांना चेव आला. त्यांनी धरणं सांगितली, दवाखाने सांगितले, अध्यक्षांचं घोड्यावर बसणं सांगितलं. प्रत्येक वाक्याला व्याही मान डोलवत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग एकेक छटेने उतरत होता. विहीणबाईंनी हातातलं बिस्कीट तसंच धरून ठेवलं होतं. शेवटी व्याह्यांनी, बहुधा उत्तरादाखल काहीतरी द्यावं म्हणून, हळूच म्हटलं, "तुमचे पंतप्रधानही कर्तबगार दिसतात. सज्जन माणूस."

मिलीने डोळे मिटले. त्या सज्जन माणसाला बाबांनी त्याच सकाळी दात घासताना जे म्हटलं होतं ते लिहिण्यासारखं नव्हतं. बाबांचे कान लाल झाले. मान फुगली. पण पाहुणा तो पाहुणा. "हं," ते कसेबसे म्हणाले, "बरे आहेत," आणि त्यांना उचकी लागली.

व्याही जेवायला थांबले नाहीत. डोकं दुखतंय म्हणाले. त्यांचं कुटुंब कोपऱ्यावर वळेपर्यंत बाबांनी दम धरला, आणि मग टेबलावर मूठ आपटली.

"हे लग्न होणार नाही! त्या लबाडाला सज्जन म्हणणाऱ्या घरात माझी मुलगी? परदेशात राहून त्याची हुजरेगिरी? मला तर वाटतं, पक्षाकडून काहीतरी मिळत असणार!"

"बाबा, ते सभ्यपणाने बोलले. तुम्ही बोललात तसंच."

"मी सभ्यपणाने बोललो. तो मनापासून बोलला!"

तासाभराने लिफ्टवाल्याचा फोन आला. आवाज नेहमीपेक्षाही हळू.

"अगं, बाबा म्हणतायत, हे लग्न नको."

"त्यांचं काय बिनसलं आता?"

"ते विचारतायत, तुझे वडील नक्की कुणाचे आहेत?"

"माझ्या आजीचे! कुणाचे म्हणजे काय?"

"तसं नाही गं. आमच्याकडे चौकात, सभेत सगळेच स्तुती करतात. पण घरात, दार लावून, चारपाच माणसांत स्तुती काढणारा एकाच जातीचा असतो. समोरचा काय बोलतो ते ऐकून वर पोचवणारा. माझ्या काकांच्या व्याह्यांनी असंच केलं होतं. लग्न झालं, आणि वर्षाच्या आत काकांचं दुकान बंद. बाबा उद्या दुपारच्या बसने परत जायचं म्हणतायत. आणि त्यांना तिथेच राहायचंय. मी त्यांच्या विरोधात जाऊन लग्न केलं तर..."

मिलीने फोन ठेवला. राग कुणावर काढायचा हेच कळेना. दोन देश, दोन म्हातारे, तासभर गप्पा, आणि त्यात खरं वाक्य एकही नाही. एकाने खोटी स्तुती केली म्हणून दुसरा घाबरला, आणि घाबरून त्याने खोटी स्तुती केली म्हणून पहिला भडकला. प्रयोगशाळेत असं माप कुणी आणलं असतं तर तिने ते तपासलंही नसतं, परत पाठवलं असतं.

तिने लिफ्टवाल्याला पुन्हा फोन लावला. "बसच्या आधी त्यांना घेऊन ये. म्हण, फ्रेम भिंतीवर कुठे लावायची ते दाखवून जा. फ्रेमवाला त्याला नाही म्हणणार नाही."

मग ती बाबांपुढे जाऊन उभी राहिली. "काट्यावर काही ठेवायच्या आधी तो शून्यावर आणतात. उद्या तुम्ही शून्यावर यायचं. रोज बोलता तसं बोलायचं."

"शिव्यांसकट?"

"शिव्यांसकट."

"आणि बूच?"

"त्यांच्या अध्यक्षांचं नावही काढायचं नाही. फक्त आपलं."

आई म्हणाली, "जन्मात पहिल्यांदा कुणीतरी यांना परवानगी दिली."

सकाळी व्याही आले ते बसायला तयार नव्हते. बॅगा दाराशीच ठेवल्या. खिशातून मोजपट्टी काढून ते भिंतीकडे वळले, तेवढ्यात बाबांनी सुरुवात केली.

"काल मी तुमच्याशी खोटं बोललो, व्याहीबुवा. आमचा पंतप्रधान बरा नाही. एक नंबरचा लबाड आहे! नदीवरचा पूल नऊ वर्षं अर्धा उभा आहे. तीन पंतप्रधानांनी त्याचं उद्घाटन केलं. अर्ध्या पुलाचं! आणि हा चौथा निर्लज्ज परवा फीत कापायला कात्री घेऊन पुन्हा..."

व्याही दोन ढांगांत खिडकीशी गेले आणि त्यांनी ती लावून घेतली. कडीसुद्धा घातली.

"का हो? उकडतंय." बाबांनी कडी काढून खिडकी सताड उघडली, आणि बाहेर तोंड काढून वाक्य पुरं केलं. समोरच्या दुकानातून शिंप्याने मशीन थांबवलं.

"मास्तर, कात्रीही माझ्याकडून नेली होती! अजून परत नाही!"

कोपऱ्यावर पोलीस शिपाई सफरचंद खात उभा होता. व्याह्यांनी त्याला पाहिलं आणि त्यांचा हात आपोआप बॅगेकडे गेला. शिपायाने वर बघितलं.

"मास्तर, आमच्या बुटांचंही बोला की! दोन वर्षं झाली, तळ निघाले!"

"बोलतो! तुझ्या बुटांसकट बोलतो!"

व्याही खुर्चीत बसले. शिपाई आपल्या वाटेने गेला, मशीन पुन्हा सुरू झालं. कुणीही वर आलं नाही. ते बराच वेळ दाराचा कानोसा घेत राहिले.

"रोज असंच?" त्यांनी विचारलं.

"सुट्टीच्या दिवशी जास्त," आई म्हणाली.

"आणि मग काय होतं?"

"काय होणार?" बाबा म्हणाले. "काही होत नाही. तो पडतो, दुसरा येतो. मी त्यालाही ओरडतो."

"म्हणजे इतकी वर्षं ओरडताय, आणि पूल अर्धाच?" व्याह्यांच्या आवाजाला पहिल्यांदाच धार आली. "मग या ओरडण्याचा उपयोग काय? आमच्याकडे तो पूल वर्षात झाला असता."

"झाला असता! आणि पडला असता तर बोलायची सोय?"

"तुमचा पडणारही नाही. पडायला आधी पुरा व्हावा लागतो!"

शिंप्याचं मशीन पुन्हा थांबलं. बाबा मांडीवर थाप मारून हसले. "विहीणबाई, यांना बोलता येतं की! काल कुठे ठेवलं होतं हे?"

व्याही हसले नाहीत. ते उठले, कुणालाही न विचारता स्वयंपाकघरात गेले, आणि त्यांनी नळ सोडला. पूर्ण सोडला. पत्र्याच्या भांड्यावर पाणी धडधड आपटू लागलं.

"पाणी हवं का?" आईने विचारलं.

लिफ्टवाला गोरामोरा झाला. "नाही," तो मिलीला कुजबुजला, "घरी आम्ही असंच बोलतो."

मिलीने चटकन बाबांना आत ढकललं आणि स्वतः दारात उभी राहिली. व्याही बाबांच्या कानाशी वाकले होते. पाण्याच्या आवाजात तिला तुकडे ऐकू आले, पण पुरेसे.

"...दर वर्षी अध्यक्षांचा नवा फोटो येतो. सगळ्या कचेऱ्यांचे माझ्याकडे. काचेवर अंगठा उमटला तर चौकशी, म्हणून हे हात असे... आणि दर वर्षी, व्याहीबुवा, ते तरुण होतात. मी दुकान काढलं तेव्हा माझ्याहून मोठे होते. मग माझ्या वयाचे झाले. यंदाच्या फोटोत या पोराच्या वयाचे आहेत. अजून दहा वर्षं जगलो, तर पाळण्याच्या मापाची फ्रेम करावी लागेल."

बाबांच्या घशातून जो आवाज निघाला तो नळाला दाबता आला नाही. ते ओट्याला धरून हसले, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. व्याहीही हसायला लागले होते, खांदे हलवत, मुळीच आवाज न करता. मग अचानक थांबले. आपण काय करून बसलो हे त्यांच्या चेहऱ्यावर मिलीला स्पष्ट दिसलं. विहीणबाई उठून उभ्या राहिल्या होत्या.

तेवढ्यात रस्त्यावरून शिंप्याची हाक आली. "मास्तर! एवढं काय झालं हसायला? व्याह्यांनी त्यांच्या साहेबांचं काही सांगितलं का? आम्हालाही कळू द्या!"

नळ धडधडत होता. सगळे बाबांकडे बघत होते. मिलीने मनातल्या मनात लग्न मोडलं, घडी घालून ठेवलं. आयुष्यभरात त्या माणसाने अशा हाकेला ओ दिली नाही असं झालं नव्हतं.

बाबा खिडकीशी गेले. ओठ हलले. मान फुगली, कालच्यासारखीच. शिंपी गळ्यात टेप घालून वर बघत होता.

"नळ," बाबा म्हणाले. "नळ बिघडलाय. त्यालाच हसतोय."

"नळाला?"

"हो! नळाला! तू तुझं शिव!"

आणि त्यांनी खिडकी लावून घेतली. कडीसुद्धा घातली.

व्याह्यांनी नळ बंद केला. ओले हात रुमालाला पुसले, प्रत्येक बोट वेगळं. मग मोजपट्टी उचलून भिंतीकडे गेले आणि म्हणाले, "इथे उजेड समोरून येतो, काच चमकेल. त्या भिंतीवर लावू. लग्नाचा फोटो उभा काढणार की आडवा?"

दुपारची बस त्यांच्याशिवाय गेली.

जेवणं झाल्यावर पाहुणे आतल्या खोलीत आडवे झाले. बाबा मात्र बंद खिडकीशेजारी बसून होते, घामाघूम, ओठ घट्ट मिटून. पुन्हा उचकी लागली होती. मिलीने पाण्याचा पेला दिला.

"मिली," ते अगदी हळू आवाजात म्हणाले. हा आवाज त्यांच्याकडे आहे हे तिला ठाऊकच नव्हतं. "फक्त शिंप्याला? तो कुणाला सांगणार नाही."

"बाबा."

"पाळण्याची फ्रेम, मिली! एवढी चांगली गोष्ट! नक्की किती दिवस दाबून ठेवायची?"

तिने नीट विचार केला.

"फोटो म्हातारा होईपर्यंत," ती म्हणाली.