दिसेनाशी होईपर्यंत

मित्रांनो, पाण्यात बुडायचं आणि दिसेनासं व्हायचं, एवढंच माझं आयुष्यभराचं काम. मी एक जुनी लोखंडी तबकडी आहे, जेवणाच्या ताटाएवढी. मला दोरीला बांधून तळ्यात सोडतात. मी जिथे दिसेनाशी होते, तिथपर्यंतची दोरी मोजतात. दोरी जितकी जास्त, तितकं पाणी नितळ.

माझा जन्म एका वर्कशॉपमधला. पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरने मला काळा-पांढरा रंग दिला. तळ्याच्या कचेरीतल्या बाई तेव्हा नुकत्याच नोकरीला लागल्या होत्या. रंग नीट वाळला नाही म्हणून त्या भांडायला गेल्या आणि पुढे त्याच पेंटरशी लग्न करून बसल्या!

सुरुवातीला मी वीतभर बुडाले की गडप. शहराचं सांडपाणी सरळ तळ्यात यायचं. बाईंनी नाले वळवायला लावले. काठची पाणथळ जागा कुणाला बुजवू दिली नाही, तिथे पुन्हा लव्हाळी लावली. त्यासाठी किती जणांशी वाकडं घेतलं, त्याला गणती नाही. हळूहळू माझी दोरी लांबत गेली. कौतुक व्हायचं बाईंचं, मी मात्र ओल्या पोत्यावर पडलेली. असो.

बाईंच्या निवृत्तीचं वर्ष आलं आणि दोरी पुन्हा आखडू लागली. दर खेपेला मी आधीपेक्षा लवकर दिसेनाशी व्हायचे. बाईंनी आधी नवऱ्यालाच धरलं. "तुमचा रंगच फिका. मी लग्नाआधीच सांगितलं होतं." त्यांनी मला नव्याने रंगवलं. तरी तेच. बाईंना जेवण गोड लागेना. मला फार वाईट वाटायचं, कारण खालून मला त्यांचा चेहरा लख्ख दिसत होता. पाणी नितळच होतं. पण तबकडीला तोंड कुठलं!

एके दिवशी नावाडी आला नाही, म्हणून पेंटरच वल्ही मारायला बसले. बाईंनी मला पाण्यात सोडलं.

"गेली बघा. जन्मभराची मेहनत वाया."

"अगं, मला तर दिसतेय की!"

"उगाच माझी समजूत काढू नका."

पेंटरांनी काठाकडे बोट दाखवलं. "त्या पाटीवर काय लिहिलंय, वाच बरं."

"कुठली पाटी?"

"मीच रंगवलेली! चांगली दाराएवढी आहे!"

ते इतके हसले की होडी डुलू लागली. बाई आधी चिडल्या, मग रडल्या, मग त्याही हसल्या. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. तळं तपासता तपासता बाईंना स्वतःचे डोळे तपासून घ्यायला सवडच झाली नव्हती.

ऑपरेशननंतर त्या पुन्हा होडीत बसल्या. नोकरी संपली होती, तरी आल्या. मी खाली गेले, आणखी खाली गेले, तळाच्या चिखलाला टेकले. तेवढ्यात वरून आवाज आला, "दिसतेयस गं!"

मित्रांनो, तळ्यांना जपा. आणि ती जपताना जी माणसं स्वतःला विसरतात, त्यांच्याकडेही अधूनमधून लक्ष द्या. माझं म्हणाल, तर दिसेनासं होण्याचं माझं काम त्या दिवशी पहिल्यांदाच मला जमलं नाही.