मासा कुठं ओरडतो

बाजारात सगळे त्याला 'पालेभाजी' म्हणत. पाठीमागे बरं का. तोंडावर म्हणायची छाती कुणाची नव्हती. दार अडवून उभा राहिला तर घरात उजेड येऊ नये असा गडी, दोरखंडासारखी मनगटं, आणि त्या मनगटांनी एके काळी कत्तलखान्यात सुरा चालवलेला. तिथे एका सकाळी एका बोकडाने अर्धी मान चिरलेली असताना अशी किंकाळी फोडली, अगदी माणसासारखी, की हा सुरा तिथेच टाकून पळत सुटला तो घरी येऊन उशीखाली डोके खुपसून पडला. उठला तो शाकाहारी होऊनच. मटण बंद, कोंबडी बंद, अंडेसुद्धा बंद. नोकरी धरली ती बर्फाच्या कारखान्यात. बर्फ फुटतो, पण हाक मारत नाही.

जेवायला मात्र रोज मासा.

"भाऊ, तुम्ही शाकाहारी," खालच्या मजल्यावरचा शिंपी सुईत दोरा ओवता ओवता म्हणे, "मग ताटात पोहतंय ते काय? दुधी भोपळा?"

"मासा कुठं ओरडतो?" हा शांतपणे विचारी. "ज्याला आवाज नाही त्याला दुखत नाही. दुखलं असतं तर बोलला असता की."

तो जिना चढून गेला की शिंपी मशीनवर पाय ठेवून हळूच म्हणे, "करून करून भागला, नि पालेभाजीला लागला!" आणि दुकानातली माणसे तोंडाला कापड लावून हसत.

त्याची बायको मासळीबाजारात लोकांचे मासे साफ करून देई. तिला तिथे 'मुकी' म्हणत. मुकी ती नव्हती. बोलायचे तेवढे बोले. पण बोट कापले तरी हाय नाही, ओल्या फरशीवर गुडघा फुटला तरी आई गं नाही. सकाळपासून तिच्या हातांना एकच काम. खवले उडवायचे, कल्ले उपटायचे, पोट उभे चिरून आतले सगळे एका बोटाने ओढून काढायचे. जिवंत मासा फळीवर आपटू लागला की ती त्याच्या कल्ल्यामागे अंगठा दाबून धरी, आणि तिच्या आईने म्हटलेल्या ओळी मनातल्या मनात म्हणे:

पाण्यातल्या लेकी, तुझं रडणं पाण्यात,
कोण पुसेल गं डोळे, ओलं ओल्यात.

ओवी संपेपर्यंत मासा शांत होई.

घरी दाराच्या मागे एक खिळा होता आणि खिळ्याला एक टॉवेल. लग्न होऊन ती आली त्याच महिन्यात भातात मीठ कमी पडले आणि नवऱ्याने तिला केसांना धरून भिंतीवर आपटले, तेव्हा सासू धावत आली. सोडवायला नव्हे. टॉवेलचे टोक पाण्यात बुडवून तिने सुनेच्या तोंडात कोंबले. "ओरडू नकोस गं बाई. आवाज त्याला सोसत नाही. आवाज ऐकला तर वेडापिसा होऊन जीव घेईल तुझा." सासूने हे वाईटपणाने सांगितले नव्हते. तिला स्वतःला जे ठाऊक होते ते तिने सुनेच्या ओटीत घातले, एवढेच.

सासू गेली. टॉवेल विरला की नवा येई, खिळा तोच. प्रत्येक टॉवेलची कड दातांनी चाळणीसारखी होई. त्याने पट्ट्याने मारले, लाथेने मारले, एकदा तिची करंगळी दारात चेमटवली. ती टॉवेल चावी आणि छताकडे बघे. मग तो दमे, कारखान्यातून आणलेला बर्फ फडक्यात बांधी, तिच्याजवळ बसे आणि सुजेवर अगदी हळुवार फिरवी. "दुखत नाही ना?" असे विचारी. खरोखरच काळजीने विचारी. ती मान हलवी: नाही.

हे असेच चालले असते. पण एके दिवशी त्यांची पोरगी शाळेतून आली ती रडवेली होऊन. जेवायला बसल्यावर म्हणाली, "बाबा, आज बाईंनी विचारलं कोण कोण शाकाहारी, तर मी हात वर केला. मग मधल्या सुट्टीत डबा उघडला तर सगळी हसली. म्हणाली, हिच्या घरी मासे झाडाला लागतात."

"हसू दे. मासा ओरडत नाही."

"पण त्याला रक्त असतं. आईच्या हाताला लागलेलं असतं, मी बघते ना."

त्याने घास ताटात ठेवला. "इकडं ये."

पोरगी उठली. पण ती त्याच्याकडे गेली नाही. आधी दाराकडे गेली, टाचा उंचावून तिने खिळ्यावरचा टॉवेल काढला, कडेची घडी घातली, दातांत धरली, आणि मग बापासमोर येऊन उभी राहिली.

आई हातात पळी घेऊन तशीच थिजली. हे तिला कुणी शिकवले? कुणीच नाही. बघून बघून शिकली. लेकरू चालायला शिकते, बोलायला शिकते, तसे हेही शिकले. आणि आई मधे पडेपर्यंत दोन थपडा बसून गेल्यासुद्धा. पोरीचे डोके दाराच्या चौकटीवर आदळले, ओठ फाटला, हनुवटीवरून लाल ओघळ आला. पण आवाज? नाही. चकार नाही.

"शहाणी आहे माझी," बाप म्हणाला, बर्फ फडक्यात बांधत. "दुखत नाही ना, बेटा?"

पोरीने मान हलवली: नाही.

दुसऱ्या दिवशी बाजारात मुकीचे हात कामावर आणि चित्त त्या हललेल्या मानेवर. शेजारी बसणाऱ्या म्हातारीने एक टोपली पायाने सरकवली. "हे बघ, बडबड्या आलाय. गिऱ्हाईक नाही त्याला. माणसं घाबरतात मेली."

टोपलीत शिंगाळा होता. मिशा असलेला, काळपट, हातभर लांब. पाण्याबाहेर काढला तरी हा मासा लवकर मरत नाही, आणि मरेपर्यंत गप्प बसत नाही. गळ्यातून गुरगुरतो, जुन्या दाराची बिजागरी कण्हावी तसा. गुर्र-क्. गुर्र-क्.

मुकी त्याच्याकडे बघतच राहिली.

"मावशी, हा मला दे."

"तुला? अगं, तुमच्यात शाकाहारी मासा चालतो ना!" म्हातारी खिदळली. मग मुकीचा चेहरा बघून तिचे हसू विझले.

मुकीचा हिशेब साधा होता. एका बोकडाने हाक मारली आणि या माणसाने सुरा टाकला. मग एखाद्या माशाने हाक मारली तर? मासा ओरडतो हे कळले तर ओरडत नाही तेही दुखत असेल, हे त्याला कळेल. कळायलाच हवे. नाही तर तो खिळा आता पोरीचा.

घरी येऊन तिने बादलीत पाणी घेतले, मासा सोडला आणि तो बाहेर उडू नये म्हणून वर खिळ्यावरचा टॉवेल ओला करून टाकला.

नवरा संध्याकाळी आला. खांद्यावर बर्फाच्या लाद्या ओढायचा लोखंडी आकडा, लाकडी दांड्याचा. "ताट?"

"आधी कापायचाय," ती म्हणाली. टॉवेल बाजूला सारून तिने मासा त्याच्यासमोर फळीवर ठेवला.

गुर्र-क्.

तो दचकला. "काय आवाज हा?"

"मासा."

"खोटं."

"तुमच्यासाठीच आणलाय. कापा. तुमचा हात तर बसलेला आहे."

गुर्र-क्. गुर्र-क्. माशाचे तोंड उघडत होते, मिटत होते. नवऱ्याच्या कपाळावर घाम फुटला. क्षणभर तिला वाटले, झाले, उमगले याला. त्याचा हात कानाकडे गेलाही. आणि मग तोच हात आकड्याच्या दांड्याकडे वळला.

पहिल्या घावाने फळी उडाली. दुसऱ्याने माशाचे डोके चिरडले, आणि तरी आतून तो आवाज येतच राहिला. "गप! गप!" म्हणत तो हाणत सुटला, दांड्याने, टाचेने, मुठीने. कातडीचे तुकडे भिंतीला चिकटले, रक्त पोरीच्या वहीवर उडाले. मासा उरला नाही, लगदा उरला. मग कुठे शांत झाले.

त्याने मान वर केली. "मुद्दाम आणलास."

त्याची नजर सवयीने खिळ्याकडे गेली. खिळा रिकामा. पोरीची नजरही तिथेच गेली, मग जमिनीवरच्या ओल्या टॉवेलकडे, आणि ती आईसाठी तो उचलायला वाकली. आईने टॉवेलवर पाय ठेवला.

"नको गं."

दांडा आईच्या खांद्यावर बसला. आत काहीतरी सुक्या फांदीसारखे मोडले. तिने तोंड उघडले, पण आवाज येईना. कित्येक वर्षांचा गंजलेला गळा. आधी आली ती नुसती घरघर, त्या माशासारखीच. त्याने दांडा पुन्हा उचलला, आणि मग ती आली: पोटातून, बेंबीच्या देठापासून, भिंतींना हादरवणारी किंकाळी.

आकडा त्याच्या हातातून गळून पडला. सासू सांगायची ते अगदीच खोटे नव्हते; तो खरेच वेडापिसा झाला. झेप घेऊन त्याने तिचा गळा धरला. अंगठे कल्ल्यामागे दाबावेत तसे दाबले. तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले, किंकाळी तुटली.

तेवढ्यात पोरगी ओरडली.

फाटक्या ओठाने, छातीत होता नव्हता तेवढा श्वास घेऊन ओरडली. श्वास संपला, पुन्हा घेतला, पुन्हा ओरडली. आता एका माणसाला हात दोनच. गळा दाबावा की कान झाकावेत? एक हात सुटला, कानावर गेला. मग दुसरा. मोकळ्या झालेल्या गळ्यातून आईनेही पुन्हा आवाज लावला. तो मागे सरला, माशाच्या लगद्यावरून घसरला, आडवा पडला, आणि तसाच रांगत रांगत दाराबाहेर जिन्यावर गेला.

खाली शिंप्याचे मशीन थांबले. जिन्यावर पावले वाजली. शिंपी हातात कात्री घेऊन दारात आला, मागे त्याची बायको. भिंतीवरचे रक्त, वाकडा झालेला खांदा, पोरीचा ओठ.

"वहिनी..." शिंपी म्हणाला. "आम्हाला इतकी वर्षं वाटायचं, तुम्ही वर काही कुटताय."

"मला कुटतोय तो," ती म्हणाली. "काल पोरीला कुटलं."

शिंप्याजवळ एरवी प्रत्येक गोष्टीवर एक विनोद तयार असे. आज त्याने फक्त कात्री घट्ट धरली आणि जिन्याकडे तोंड करून उंबऱ्यात उभा राहिला. त्याच्या बायकोने पोरीला जवळ घेतले. वरच्या, खालच्या, समोरच्या खोल्यांची दारे उघडत होती.

नवरा पायरीवर बसला होता, गुडघ्यांत डोके घालून. हळूहळू त्याने कानांवरचे हात काढले. वळून बघितले. आणि नेहमीसारखेच, खरोखरच काळजीने, विचारले,

"दुखत नाही ना?"

तिने मान हलवली नाही.

"दुखतं," ती म्हणाली. इतक्या मोठ्याने, की उघडलेल्या प्रत्येक दारात ते ऐकू गेले. "फार दुखतं."

"मला पण," पोरगी म्हणाली.

शिंप्याने त्यांना खोलीत मागे सारले आणि दाराला आतून कडी घातली.