पैलतीराची ओळ

शरद सरत आला होता. गोदेचे गढूळपण निवळले होते. नीलस्वच्छ, मंदमंथर, स्फटिकशीतल अशी ती वाहत होती. तीरांवर काशफुलांच्या शुभ्र चवऱ्या ढळत होत्या. आणि साळीच्या शेतांवर सायंकाळचे ऊन असे पसरले होते, की लोंब्यांत दूध भरले आहे की प्रकाश, हे कळू नये.

त्या सुवर्णधूसर उन्हातून राजा नंदिसेनाची नाव चालली होती. पंडितांच्या संस्कृत स्तुतींना विटलेला आणि लोकांच्या ओठांवरच्या प्राकृत गाथांसाठी वेडावलेला हा राजा. कुणी नांगरताना गुणगुणावे, कुणी दळताना. आणि राजाने ऐकून हरखावे. रुसव्याच्या गाथा, मीलनाच्या गाथा, वाट पाहणाऱ्या डोळ्यांच्या गाथा. त्याचा लेखक भद्रक त्या ताडपत्रांवर उतरवून घेई, आणि राजा त्या पुन्हा पुन्हा ऐकत राही.

अशा वेळी तीरावरच्या माळ्यावरून सूर उठला. साळीची राखण करणारी एक श्यामल स्त्री पैलतीराकडे पाहत गात होती :

‘नदी फुगली, साजणा, मधे पाण्याचा डोंगर...’

आणि सूर थांबला. राजा वाट पाहत राहिला. वारा वाहिला, पाणी वाहिले. दुसरी ओळ आली नाही.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. तिसऱ्याही दिवशी आला. तोच सूर, तीच ओळ, आणि तेच अथांग, अर्धोन्मीलित मौन. त्या मौनाने राजाची झोप नेली. डोंगराएवढ्या पाण्याला कुणी काय उत्तर देणार? राजसभेतल्या कवींनी ओळी रचून दाखवल्या. सुंदर होत्या, सुघड होत्या. पण त्या ऐकताना राजाला वाटे, खरी ओळ कुठेतरी आहे, आणि ती ही नव्हे.

शेवटी साधे शुभ्र वस्त्र पांघरून, भद्रकाला बरोबर घेऊन, तो माळ्याखाली जाऊन उभा राहिला.

“बाई, गाणं अर्धंच का सोडतेस?”

ती खाली उतरली. तिचे नाव कण्हिला. “अर्धं माझं आहे,” ती म्हणाली. “अर्धं माझ्या घरधन्याचं. तो पलीकडे गुरं चारायचा. दिवस कलला की मी इथून गायची, तो तिथून उत्तर द्यायचा, आणि मग उतारानं पाण्यातून घरी यायचा. गेल्या साली तांड्याबरोबर बैल घेऊन घाटाखाली गेला. समुद्राकडं. अजून आला नाही.”

“पण त्याची ओळ तुला ठाऊक असेलच.”

“आहे की.”

“मग म्हण.”

तिने नकारार्थी मान हलवली. भद्रकाला राहवले नाही. “अगं, समोर महाराज उभे आहेत! ही आज्ञा समज.”

कण्हिला दचकली. तिने हात जोडले. पण डोळे झुकवले नाहीत. “आज्ञा असेल तर म्हणते, महाराज. पण ती ओळ मीच म्हटली, तर तो येणार नाही हे मी मान्य केलं असं होईल. आजवर ते केलेलं नाही.”

राजाच्या ओठांवर ‘म्हण’ हा शब्द आला होता. एक शब्द, आणि ओळ त्याची झाली असती. त्याने तिच्याकडे पाहिले. त्या निग्रहनितळ डोळ्यांकडे पाहिले. आणि तो शब्द गिळला.

“त्याचं नाव काय?” त्याने विचारले.

“वसुल.”

घाटाघाटांवर निरोप गेले. पावसाळ्यानंतर वाटा मोकळ्या झाल्या होत्या. तांडे चढत होते, बैलांच्या घंटा दऱ्यांतून किणकिणत होत्या. राजा दररोज विचारी. आता त्याला ओळीइतकेच त्या माणसाचेही कुतूहल वाटू लागले होते. हसतो कसा, चालतो कसा, कुठे अडला असेल?

साळ पिवळी पडू लागली तेव्हा शिपाई त्याला घेऊन आले. घाटमाथ्यावरच्या नाक्यापाशी तो दुसऱ्याची ओझी वाहत होता. उंच, कृश, ज्वराने करपलेला. राजाने उत्सुकतेने विचारले, “जिवंत होतास, तर घरी का गेला नाहीस?”

वसुलने तोंड उघडले. शब्द नाही, वाळल्या पानावरून वारा जावा तशी नुसती सळसळ. त्याने गळ्यावर हात ठेवला आणि मान खाली घातली. किनारपट्टीच्या तापाने त्याचा आवाज नेला होता.

राजाच्या मनात पहिला विचार आला : ओळ गेली. आणि त्या विचाराची त्याला तत्क्षणी लाज वाटली.

“चल,” तो म्हणाला. “मी येतो बरोबर.”

सांजवेळी ते पैलतीरावर उतरले. केशररक्त आकाश पाण्यात उतरले होते. राजा खडकावर बसला, पाय पाण्यात सोडले. वसुल लव्हाळ्यांच्या आड उभा राहिला. पाऊल पुढे टाकेना.

पलीकडून सूर आला :

‘नदी फुगली, साजणा, मधे पाण्याचा डोंगर...’

वसुलने श्वास भरला, मान ताणली, ओठ उघडले. काही नाही. तो वळला, पळ काढावा तसा वळला.

“थांब,” राजा हलकेच म्हणाला. “तिला दिसू दे तरी.”

कितीतरी वेळाने तो लव्हाळ्यांतून उजेडात आला. एक हात गळ्यावर होता. पलीकडे माळ्यावरची आकृती उठून उभी राहिली. तिने पाहिले. त्या उघड्या ओठांकडे पाहिले, त्या गळ्यावरच्या हाताकडे पाहिले. नदी जणू क्षणभर वाहायची थांबली.

मग आजवर जपलेली, राजालाही न दिलेली ती ओळ पाण्यावरून आली. कापरी, पण काठोकाठ भरलेली :

‘साद माझी जिथवर, तिथवर तुझे घर.’

वसुलचे ओठ हलत होते. ‘साद तुझी जिथवर, तिथवर माझे घर.’ निःशब्द, तरी राजाला ते स्पष्ट दिसले. तिने त्याचीच ओळ त्याच्यासाठी उलटवली होती.

मागून भद्रक कुजबुजला, “महाराज, कोणता पाठ उतरवू? तिचा की त्याचा?”

“आत्ता नको,” राजा म्हणाला. “आत्ता ती ओळ त्यांना लागते आहे.”

वसुल पाण्यात उतरला होता. पलीकडून तीही उतरली. गुडघाभर, कमरभर, पदर प्रवाहावर सोडून. उताराच्या मधोमध दोन सावल्या एकमेकींजवळ सरकत होत्या. आणि त्यांच्या पावलांनी उठलेली एक बारीकशी लाट, केशरी, मंद, वर्तुळत, वर्तुळत आली, आणि राजाच्या पायांशी निमाली.