लेबल सोललेली लाल वाइन

अक्षर वाचायचं म्हटलं की मालकीणबाईंचं बोट ओळीवर लंगडत चालायचं, पण डाग त्या चालता चालता वाचायच्या. पस्तीस वर्षं लाँड्री चालवली ती काय उगाच? गिऱ्हाइकानं गाठोडं सोडायचा अवकाश, "हा चहा, हा गंज, आणि बाहीवरचं हे काय आहे ते बायकोसमोर सांगू का?" असं तोंडावर विचारायच्या. गिऱ्हाईक पावती न घेताच पळायचं.

मालक जाऊन अकरा महिने झाले होते. माणूस साधा, आवाज खाली, मिशा भरघोस. दर शनिवारी दुकान आवरलं की इस्त्रीच्या टेबलामागे बसून पेलाभर लाल वाइन प्यायचे. व्यसन म्हणायचं तर एवढंच. बाईंना तेवढंही खपत नव्हतं. "नाव छापलेली बाटली माझ्या घरात दिसता कामा नये, दहा लोक येतात-जातात," असं त्यांनी लग्नाच्या दुसऱ्याच महिन्यात ठणकावलं होतं. मालकांनी वाद घातला नाही. बाटली आणायची, बाहेरच्या नळाखाली धरायची, लेबल भिजवून सोलायचं आणि मग उंबरा ओलांडायचा. पेला भरला की तो आधी बाईंच्या पुढे करायचे. "एक घोट घेतेस?"

"माझी अक्कल अजून शाबूत आहे," बाई म्हणायच्या.

पस्तीस वर्षं हाच प्रश्न आणि हेच उत्तर. आता शनिवार यायचा आणि विचारणारं कुणी नसायचं. बाईंच्या जिवाला एकच गोष्ट लागून राहिली होती. तो घोट होता तरी कसा?

एका शनिवारी भर दुपारी त्यांनी शटर अर्धं ओढलं आणि सुनेला म्हणाल्या, "पांढऱ्या सुती चिंध्या घे, साबणाचं पाणी घे आणि व्हिनेगरची बाटली घे. वाइनच्या दुकानात जायचंय."

सुनेची इस्त्री हवेतच राहिली. "आई, बरं वाटत नाहीये का?"

"बरं वाटतंय म्हणूनच निघालेय. आजारी असते तर डॉक्टरकडे गेले असते."

"पण बाबा आणायचे ते दुकान?"

"ते पाडलं. तिथे आता दातांचा दवाखाना आहे. तिथं काय मागू, कवळी?"

नवं दुकान दोन गल्ल्या सोडून होतं. दुकानदार पोटानं भक्कम, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला. "बोला मावशी, कोणती देऊ?"

"लाल."

"लाल पन्नास प्रकारच्या आहेत."

"लोक सगळ्यांत जास्त नेतात त्या काढा. माझा नवरा चारचौघांसारखा होता. अवघड काही मागितलं नसेल त्यानं."

दुकानदारानं चाखण्यासाठी उघडून ठेवलेल्या चार बाटल्या काउंटरवर मांडल्या. पिनो न्वार, कॅबर्ने, माल्बेक, मर्लो. चार छोटे ग्लास भरले. बाईंनी ग्लासांना हात लावला नाही. पिशवीतून चिंधी काढून काउंटरवर पसरली.

"मावशी, हे काय?"

"तुमचं काम तुम्ही केलंत, आता माझं मला करू द्या."

मालकांना मिशी डाव्या बाहीला पुसायची खोड होती. दर रविवारी ती बाही बाईंनी घासली होती. मधे जांभळा, कडेला गुलाबी, साबण लागला की निळसर पडणारा आणि व्हिनेगर टाकलं की पुन्हा गुलाबी होणारा तो डाग त्यांना झोपेतही ओळखता आला असता.

त्यांनी चार थेंब टाकले. पिनोचा थेंब फिकाच उतरला. "हा पाण्यालाच लाजतोय," म्हणून त्यांनी तो बाद केला. कॅबर्नेचा काळपट, हट्टी. साबण, व्हिनेगर सगळं झालं तरी कड सुटेना. "ह्याला मला दोनदा घासावं लागलं असतं. त्यांची बाही मी एकदाच घासायचे." तोही गेला.

उरल्या माल्बेक आणि मर्लो. दोन्ही मधे जांभळ्या, कडेला गुलाबी. साबणानं दोन्ही निळसर झाल्या. व्हिनेगरनं दोन्ही परतल्या. बाईंनी दोन्ही डाग अंगठ्यानं चोळले, एकदाच. दोन्ही सुटले. त्या जागी चिंधी पांढरी स्वच्छ झाली.

बाई त्या पांढऱ्या जागेकडे बघत राहिल्या.

"बाबांचा एखादा शर्ट तरी डागासकट राहिला असेल ना?" सून हळूच म्हणाली.

"माझ्या हातून? एकही नाही." हे वाक्य त्या आजवर ऐटीत सांगत आल्या होत्या. आज ते सांगताना त्यांचं बोट चिंधीवर डाग शोधत होतं.

दुकानदारानं घसा खाकरला. "आता चाखल्याशिवाय कळायचं नाही, मावशी."

"चाखून काय कळणार? तेव्हा चाखलीच नाही मी. आता ताडून बघू कशाशी?"

दुकानदारानं चष्मा उगाच पुसला.

बाईंनी मग माल्बेकचा ग्लास उचलला, डाग काढायच्या औषधासारखा नाकापासून लांब धरून हातानं वास ओढला आणि एक घोट घेतला. जीभ कोरडी पडली, तोंडात कोरं सूत धरल्यासारखी. मग मर्लो. ती आधी आंबटसर लागली, मग पिकलेल्या आलुबुखारासारखी मऊ झाली आणि गिळून झाल्यावर घशात सावकाश ऊब आली.

"कशी आहे?" सुनेला राहवलं नाही.

"आगाऊ आहे. आत गेल्यावर मग बोलते." आणि कुणी न म्हणता त्यांनी दुसरा घोट घेतला.

"मग बाबांची हीच असेल."

"असेल, नसेल. दर वेळी वेगळी आणत असतील तरी मला कुठं कळणार होतं? लेबलं मीच सोलायला लावली." बाईंनी ग्लास खाली ठेवला. "त्यांची कोणती ते आता त्यांनाच ठाऊक. मला ही आवडली. मर्लो द्या."

"मला आवडली" म्हणताना त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला.

दुकानदारानं नवी बाटली काढली. "उघडल्यावर बूच घट्ट लावा. तीन दिवस चांगली राहील. दोघं पिणारे असाल तर एका बैठकीत संपते म्हणा."

"पिणारी मी एकटीच. रोज एक पेला, चार दिवस पुरवणार."

"चौथ्या दिवशी आंबेल, मावशी."

"आंबू दे," बाई म्हणाल्या. सुनेनं पिशवी पुढे केली, पण त्यांनी बाटली तिच्यात टाकली नाही. लेबल बाहेरच्या बाजूला ठेवून काखेत घट्ट धरली आणि पायरी उतरल्या.