जागेवर आढळलेला बॅकअप

साहेब, व्हायरस तुम्ही आणलात. चौकशी अहवालात ‘अज्ञात इसमाच्या चुकीमुळे’ असं छापलंय, तो अज्ञात इसम रोज सकाळी साडेदहाला तुमच्याच खुर्चीत येऊन बसतो. कारणे दाखवा नोटीस मात्र माझ्या टेबलावर आली. ठीक आहे. दाखवते कारणं. चहा मागवा आणि शेवटपर्यंत वाचा, सही करताना जसं न वाचता पान उलटता तसं नको.

मी पाणीपुरवठ्यात नोंदी ठेवते. शहराच्या रस्त्यांखाली सहाशे अडतीस व्हॉल्व्ह आहेत. ते नेमके कुठे, हे नकाशाला माहीत नव्हतं, चावीकाकांना माहीत होतं. छत्तीस वर्षं लोखंडी चावी खांद्यावर टाकून या माणसानं पाणी सोडलं आणि बंद केलं. मोजायचं साधन एकच, स्वतःचे पाय. ‘शिंप्याच्या उंबऱ्यापासून अकरा, मग गटाराकडे तीन.’ डांबराचे थरावर थर चढले, झाकणं गाडली गेली, तरी काका पावलं मोजत जायचे, टाच आपटायचे आणि म्हणायचे, “इथं खण.” तिथं व्हॉल्व्ह असायचा.

ते निवृत्त होण्याआधी चार वर्षं मी टेप घेऊन त्यांच्या मागे फिरले. पावलांचे मीटर केले, फोटो काढले, त्यांच्या बावीस डायऱ्या संगणकात उतरवल्या. घरी नवरा म्हणायचा, “त्या काकांच्या पावलांवर पाऊल टाकून चालतेयस, पगारपण त्यांचाच माग.” असो. काम पुरं झालं आणि तुम्ही कार्यालय कागदमुक्त जाहीर केलंत. डायऱ्या रद्दीत गेल्या, कागदमुक्तीच्या बक्षिसाची ढाल तुमच्या कपाटात आली. मी म्हटलं होतं, डायऱ्या राहू द्या. तुम्ही म्हणालात, “संगणकात आलं ना एकदा? मग अमर झालं ते.”

अमर वगैरे काही नसतं हे ठाऊक असल्यामुळे मी दर शनिवारी बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घ्यायची, डिस्क संगणकापासून सोडवायची आणि कपाटात कुलूप लावून ठेवायची. मग मालमत्तेची तपासणी आली. शेरा पडला : ‘टेबल क्रमांक चार, डिस्क जागेवर आढळली नाही.’

तुम्ही मला केबिनमध्ये बोलावलंत.

“डिस्क कुठाय?”

“कपाटात, साहेब. संगणकाला काही झालं तर ती वेगळी राहायला हवी ना.”

“नोंदवहीत जागा काय लिहिलीय?”

“टेबल.”

“मग मधेच कपाट कुठून आलं?”

“साहेब, जोडलेली राहिली तर जे संगणकाचं होईल तेच तिचं होईल.”

“बाई, तुम्ही फार पुढचा विचार करता. तपासणी मागच्याची होते.”

दोन दिवसांत परिपत्रक निघालं. बॅकअप डिस्क सदैव जोडलेली असावी, तिचा दिवा पेटता दिसावा, काढल्यास शिस्तभंग. सुतार आला, त्यानं डिस्कवर लोखंडी पट्टी टाकली, टेबलात दोन स्क्रू मारले, वर लाखेचा शिक्का. सुतारसुद्धा हसला. “बाई, ही काय पळून चाललीय का?”

आता तो सोमवार. बढतीच्या यादीचा मेल तुम्हाला आला. पाठवणाऱ्याचा पत्ता मुख्य कार्यालयासारखा होता, फक्त एक अक्षर जास्तीचं. तुमच्या फोनवर ती यादी उघडेना, म्हणून तुम्ही माझ्या टेबलाशी आलात, मला उठवलंत आणि माझ्याच खुर्चीत बसून स्वतःचा मेल उघडलात. फाईलच्या डोक्यावर पिवळी पट्टी आली, की हा मजकूर धोक्याचा असू शकतो. मी वाचून दाखवली. तुम्ही म्हणालात, “अहो, ते सगळ्यांनाच येतं.” पट्टीवरचं बटण दाबलंत. मग सुरक्षेच्या प्रोग्रामनं लाल चौकट टाकली आणि फाईल अडवली. तो प्रोग्राम बंद करायचा पासवर्ड माझ्याकडे नाही, तुमच्याकडे आहे. तुम्ही एकेका बोटानं टाईप केलात. यादी रिकामी निघाली. “छ्या, अजून जाहीर नाही वाटतं,” म्हणत तुम्ही गेलात. प्रोग्राम पुन्हा चालू करायचं राहून गेलं. मीही पाहिलं नाही, हे कबूल करते. या सगळ्या प्रकरणात कबुली देणारी मी एकटीच दिसतेय, तेव्हा जपून वापरा.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत त्या फाईलमधल्या व्हायरसनं आपलं काम केलं होतं. फाईलींच्या नावांना मागे भलत्याच अक्षरांची शेपटी, चिन्हं पांढरी फटक, एकही उघडेना. एकेक फाईल आतून गुंडाळून कुलूपबंद झालेली आणि किल्ली व्हायरस पाठवणाऱ्यांकडे. मी नेटची वायर उपटली. तुम्ही केबिनमधून ओरडलात, “वायर कोणी काढली? माझी मीटिंग चालू आहे!” आणि ती पुन्हा जोडायला लावलीत. पाच मिनिटांत हिशेब शाखेचा संगणकही गेला. डिस्कचा दिवा तेवढा नियमाप्रमाणे पेटत होता. तिच्यातल्या फाईलींनाही शेपट्या आल्या होत्या. जागेवर होती मात्र, अगदी जागेवर.

प्रत्येक फोल्डरमध्ये त्यांची चिठ्ठी होती. साहेब, या कार्यालयाला आलेलं ते सगळ्यात सभ्य पत्र. ‘घाबरू नका. तुमच्या फाईली सुरक्षित आहेत. रक्कम पाठवा, किल्ली मिळेल. खात्री पटावी म्हणून दोन फाईली फुकट उघडून देऊ. शंका विचारल्यास चोवीस तासांत उत्तर.’ माझ्या रजेच्या अर्जाला अजून उत्तर नाही. दरोडेखोर चोवीस तासांत देतात.

दुरुस्तीला आलेली बाई पन्नाशीची, चष्मा डोक्यावर, पाठीवर बॅग. तिनं आधी सगळ्या वायरी काढल्या, चिठ्ठीचा फोटो घेतला आणि विचारलं, “बॅकअप?” मी टेबलावरच्या लोखंडी पट्टीकडे बोट दाखवलं. तिनं डोक्यावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला.

“हे कुणी केलं?”

“परिपत्रकानं.”

“छान. चोराला तिजोरीची वाट शोधावी लागू नये म्हणून तिजोरी दारातच ठेवलीत.”

पैसे द्यायला ती नको म्हणाली. किल्ली मिळेलच याचा भरवसा नाही, आणि एकदा दिले की पुन्हा येतात. व्हायरस कोणत्या जातीचा ते तिनं ओळखलं. काही जातींच्या किल्ल्या पोलिसांना आणि जाणकारांना सापडल्या आहेत, त्या फुकट मिळतात. आपल्या जातीची अजून नव्हती. मग तिनं कुलूपबंद फाईली वेगळ्या डिस्कवर उतरवल्या, संगणक पुरा पुसला, सगळं नव्यानं घातलं, सगळ्यांचे पासवर्ड बदलले. दोन दिवस लागले.

तुम्ही आलात. “निघाला का व्हायरस?”

“निघाला,” दुरुस्तीवाली बाई म्हणाली.

“मग फाईली उघडा.”

“साहेब, व्हायरस काढणं वेगळं आणि फाईली मिळणं वेगळं. घरात शिरलेल्याला हाकललंय. जाताना त्यानं खोल्यांना लावलेली कुलपं तशीच आहेत.”

“मग त्या बंद फाईली कशाला ठेवल्यात? उगाच जागा अडवतात. पुसून टाका.”

“उद्या किल्ली सापडली तर?” बाई म्हणाली. “किल्ली आली आणि दारच नाही, असं व्हायचं.” मग तिनं यंत्राची नोंद काढून तुमच्यापुढे ठेवली. सकाळी अकरा वाजून बारा मिनिटं, सुरक्षा बंद, पासवर्ड अमुक अधिकाऱ्याचा. तुम्ही तो कागद घडी घालून खिशात टाकलात. अहवालात मी तो शोधला. त्याच्या जागी एकच ओळ होती : ‘व्हायरस यशस्वीरीत्या काढण्यात आला आहे.’ खोटं नाही. म्हणूनच जास्त राग येतो.

मी चावीकाकांच्या घरी गेले. एकाहत्तरचे आहेत, गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. सगळं ऐकून घेतलं आणि चपला शोधायला लागले. काकू म्हणाली, “यांना तेवढं निमित्त हवं असतं.”

पहिल्याच रस्त्यावर काका थबकले. शिंप्याचं दुकान गेलंय, तिथे काचेचं मोबाईलचं दुकान. उंबरा कुठला धरायचा? अंदाजानं धरला. अकरा पावलं, गटाराकडे तीन, टाच आपटली. मजुरांनी खणलं. माती. पुन्हा मोजलं, पुन्हा माती. तिसऱ्या खड्ड्यात टेलिफोनची तार लागली आणि दुकानदार भांडायला आला.

काका कठड्यावर बसले. मला वाटलं, विसरले.

“विसरलो नाही गं,” ते म्हणाले. “व्हॉल्व्ह जागेवरच आहे. मी आखूड झालोय.”

खरंच होतं ते. पूर्वीचं पाऊल आता उरलं नव्हतं. अकराचे चौदा होत होते, थकले की पंधरा. मग मी पुढे चालायचं आणि काकांनी मागून ओरडायचं, “लांब टाक! अजून लांब! बाईमाणसासारखी नको चालूस, पाणी बंद करायला निघालीयस!” पाच आठवडे झाले. एकशे चाळीस व्हॉल्व्ह सापडले. बाकी चारशे अठ्ठ्याण्णव.

परवा तुम्ही मला बोलावून छापील कागद पुढे सरकवलात : ‘सर्व नोंदी पूर्ववत उपलब्ध आहेत.’ खाली माझं नाव, सहीला रेघ. म्हणालात, “सही करा, नोटीस रद्द करतो. नोकरी वाचेल. मलाही वर उत्तर द्यायचंय.” मी सही केली नाही. नोकरी मला हवीय, घर माझ्याच पगारावर चालतं. तरी केली नाही. काल कळलं, तुम्ही माझ्या सहीविनाच तो कागद वर पाठवलात, आणि त्याच्या आधारावर इस्पितळाच्या रस्त्यावर नवी लाईन टाकायला खोदकामाची परवानगी दिलीत. ठेकेदाराचा मला फोन आला, “बाई, व्हॉल्व्हच्या जागा पाठवा, सोमवारी मशीन लावतोय.” त्या रस्त्यावर सात व्हॉल्व्ह आहेत. आम्हाला त्यातला एकही सापडलेला नाही. काकांना तिथे दोनदा नेलं, फुटपाथ रुंद केल्यापासून खूणच उरलेली नाही.

नोटिशीला माझं उत्तर एवढंच. आता तुमचं द्या. सोमवारी मशीनच्या दातानं मुख्य पाईप फुटला, इस्पितळाच्या तळमजल्यात पाणी शिरायला लागलं, तर कोणता व्हॉल्व्ह बंद करायचा, आणि तो कुठे आहे? लेखी सांगा, सहीनिशी, शनिवारच्या आत.